पहिल्या भट्टीचा शेंदूर

आमच्या विभागाच्या स्मरणिकेचा मसुदा घेऊन दोन तरुण प्राध्यापक मार्गासनीला माझ्या घरी आले, तेव्हा मी गोठ्यात शेण काढत होतो. हातपाय धुऊन मी तो मसुदा वाचला. वाचून झाल्यावर वाटलं, शेणाचं काम जास्त स्वच्छ होतं.

पहिल्या पानावर आत्ताच्या विभागप्रमुखांचा फोटो, दुसऱ्यावर जुन्या प्रमुखांचा आणि तिसऱ्यावर भट्टीचा. भट्टीला झेंडूचा हार घातलेला आणि दाराच्या वरच्या पट्टीवर शेंदराचा बोटभर थर. खाली लिहिलेलं की याच भट्टीतून आपल्या मटेरियल सायन्स विभागाचा गौरवशाली प्रवास सुरू झाला.

"काका, तुम्ही विभागाचे पहिले कर्मचारी," त्यातला एक म्हणाला. "ही भट्टी पहिल्यांदा तुम्हीच पेटवलीत. पानभर आठवणी द्या. थोड्या भावनिक असल्या तर उत्तम."

दुसरा आमच्या म्हशीचे फोटो काढत होता. तो तिथूनच म्हणाला, "सत्काराला गाडी पाठवू. दोन शब्द बोलायचेत तुम्हाला."

मी बरं म्हणालो. ते चहा पिऊन गेले. बायको कपबशा उचलायला आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"त्वांड का असं केलंया? मान द्याया आली व्हती मानसं."

"त्या भट्टीचा फोटू बघितला. मळमळतंय."

"भट्टीनं न्हाई मळमळत," ती म्हणाली. "ती पोरगी आठवली आसंल."

आमच्या घरात खोटं बोलून उपयोग नसतो.

विद्यापीठानं भोरजवळ उपकेंद्र काढलं, तेव्हा भाटघरच्या रस्त्याला सिमेंट ठेवायचं एक जुनं गोडाऊन रिकामं पडलेलं होतं. तेच विभागाला मिळालं. मधे पत्रा ठोकून दोन खोल्या केल्या. एकीत आमचे पहिले विभागप्रमुख, म्हणजे सर, बसायचे, दुसरीत उरलेला विभाग. म्हणजे एक भट्टी, वड्या दाबायचं एक यंत्र, रसायनांचं एक कपाट, चार विद्यार्थी आणि मी. वटवाघळांचा वास भिंतींतून कधी गेला नाही. मी प्रयोगशाळा परिचर होतो. झाडू मारायचा, पाणी भरायचं, चहा करायचा आणि उरलेल्या वेळात विज्ञानाला मदत करायची.

मटेरियल सायन्स म्हणजे काय, हे सरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. कुठली वस्तू कशाची बनली आहे, ती तशी का वागते आणि तिला वेगळं वागायला कसं लावायचं. मला ते फार पटलं. अजून पटतं. त्यातला तिसरा भाग सरांनी पुढे माणसांवर जास्त केला, हा माझा अनुभव.

पहिलं काम मातीचं होतं. पाली गावाच्या वरच्या माळावर तांबडी माती आहे. ती थोड्या आचेवर भाजून पक्की करता आली, तर आपल्याच भागात फरशा, नळ असलं काहीबाही बनेल, अशी सरांची कल्पना. कल्पना वाईट नव्हती. मी पोत्यात माती भरून एसटीनं आणायचो. कंडक्टर रोज विचारायचा, "सोनं हाय का काय ह्यात?" मी म्हणायचो, "निघंल, निघंल." माती दळायची, चाळायची, यंत्रात दाबून रुपयाएवढ्या वड्या करायच्या आणि भाजायच्या. मग एकेक वडी पाण्याच्या ग्लासात टाकून बघायची. वर्षभर एकही टिकली नाही. सकाळी टाकलेली वडी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ग्लासाच्या तळाशी गाळ होऊन बसलेली असायची. सर ग्लासाकडे बघायचे आणि मग आमच्याकडे बघायचे. आमच्याकडे बघणं जास्त वेळ चालायचं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी विळ्या-कोयत्यापासून पाण्याच्या इंजिनापर्यंत सगळ्यांची पूजा होते. माझे वडील तर इंजिनाला तेलात कालवलेला शेंदूर लावायचे, म्हसोबाला लावून उरलेला. सरांनी पूजेला परवानगी दिली, विद्यार्थ्यांनी हार आणले आणि मी घरून शेंदूर आणला. भट्टीच्या दाराला लावला. मग वाटलं, भट्टी काम करते ती आतून, नुसतं दार रंगवून काय होणार? म्हणून ज्या ताटलीवर वड्या ठेवतात तीही मी चार बोटांनी माखून काढली. नमस्कार केला.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या वड्या चमकत बाहेर आल्या. पाण्यात दिवसभर राहिल्या, दुसऱ्या दिवशीही राहिल्या. आपटली तर खणखणीत वाजायची. सरांनी मला मिठी मारली आणि भोरमधून पेढे आणवले.

तिथून विभाग जो वाढायला लागला तो थांबला नाही. सरांचा लेख परदेशात छापून आला. पाहणीला समित्या आल्या. त्यांना आधी वडी दाखवायची, मग भाटघरचं धरण दाखवायचं, मग कोंबडी खाऊ घालायची, हा क्रम मला पाठ झाला होता. गोडाऊनच्या जागी दुमजली इमारत उभी राहिली, तिला मागून आणखी एक चिकटली. एसी लावलेल्या खोलीत एक्स-रेचं यंत्र आलं. तिथं चपला काढून जावं लागायचं, आणि चपला बाहेर नीट लावायला मी. माणसं वाढली तशी माती कमी झाली. नंतरच्या काही पोरांनी पालीचा माळ डोळ्यांनीही पाहिला नव्हता.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना दिसत होती. वड्या होळीपर्यंत चांगल्या यायच्या, उन्हाळ्यात ठिसूळ व्हायच्या आणि दसऱ्यानंतर पुन्हा दगडासारख्या. कारण आता उघड वाटतं. दरवर्षी मी शेंदूर लावत होतो आणि तो हळूहळू उडून जात होता. पण हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. सर म्हणाले, हवेतल्या दमटपणाचा परिणाम. एका विद्यार्थ्यानं त्या दमटपणावर अख्खा प्रबंध लिहिला. तो आता डॉक्टर म्हणवतो आणि कुठल्याशा कॉलेजात प्राचार्य आहे. आठवलं की मला थुंकावंसं वाटतं.

मग ती आली. भोरमधलीच, बौद्ध कुटुंबातली. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक. पीएचडीला आलेली विभागातली ती पहिली भोरची मुलगी. तोवर दुसरी भट्टी आली होती, ती तिच्या ताब्यात दिली. ती भट्टी इतकी स्वच्छ ठेवायची की मला काम उरायचं नाही. स्वतःचा बीकर स्वतः धुवायची आणि मला काका म्हणायची. बाकीचे मला "अरे ए" म्हणायचे.

पहिल्या खंडेनवमीला मी ताट घेऊन तिच्या भट्टीपाशी गेलो. तिनं हसून हात आडवा केला.

"काका, माझ्या भट्टीला नको. आमच्याकडे पूजा करत नाहीत. आणि तसंही भट्टीत बाहेरचं काही जायला नको ना?"

त्या दिवशी त्या इमारतीत बोललं गेलेलं शास्त्राचं तेवढं एकच वाक्य. मी ताट घेऊन परत फिरलो. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

तिच्या वड्या पाण्यात विरघळल्या. तिनं पुन्हा केल्या, पुन्हा विरघळल्या. तीच माती, तेच यंत्र, तितकीच आच. जुन्या भट्टीतल्या दगडासारख्या आणि हिच्या गाळ. ती प्रत्येक वडीची नोंद वहीत करायची, तारखेसकट. मला जुनी भट्टी वापरून बघू द्या, असं तिनं सरांना विचारलं. सर म्हणाले, "आधी स्वतःची भट्टी सांभाळायला शिक."

कुजबुज सुरू झाली. पूजा नको म्हणाली ना, मग आता भोग म्हणावं. हे बोलणारे कोण, तर एम.एस्सी. झालेले, पीएचडी करणारे. सर तसं बोलायचे नाहीत, ते शिकलेले होते. एकदा सगळ्यांसमोर तिची विरघळलेली वडी काचेच्या कांडीनं ढवळत ते म्हणाले, "हाताला गुण लागतो, बाई. तो घराण्यातून येतो. सगळ्यांच्या घराण्यात नसतो."

चौघे हसले. ती वहीत काहीतरी लिहीत राहिली. मी चहाचा ट्रे धरून उभा होतो. अंगावर पाल पडावी तशी शिसारी आली मला, आणि तरी मी काय केलं, तर त्या चौघांना चहा दिला.

पुढच्या उन्हाळ्यात मला रसायनांचं कपाट आवरायला सांगितलं. मागच्या रांगेत एक बरणी होती, कवटीचं चित्र असलेली. आतली पूड पाहिली आणि हात थांबला. रंग ओळखीचा, चमक ओळखीची. चिठ्ठी अक्षरं जुळवत वाचली. शिशाचा ऑक्साईड. चिमूटभर कागदावर घेऊन बोटानं घासली. तो आमच्या म्हसोबाचाच शेंदूर होता.

रविवारी विभाग बंद असायचा आणि किल्ल्या माझ्याकडे असायच्या. दुपारी मी तिच्या खोक्यातल्या दोन कच्च्या वड्या घेतल्या. एक नुसती ठेवली, दुसरी शेंदूर लावलेल्या खापरीवर ठेवली. तिच्याच भट्टीत, एकाच वेळी, एकाच आचेवर. निवल्यावर दोन ग्लासांत टाकल्या आणि समोर बसून राहिलो. एक विरघळली. दुसरी चमकत पडून राहिली. मातीत काही नव्हतं. शिसं वितळून मातीत मुरत होतं आणि तिच्यावर काच चढवत होतं. दोन इमारती, एक्स-रेचं यंत्र, परदेशातले लेख, ते सगळं माझ्या चार बोटांवर उभं होतं. आणि त्या इमारतीत खरी वडी एकच माणूस करत होता, तो म्हणजे ती पोरगी.

सोमवारी सकाळी मी सरांना सगळं सांगितलं. चमकणारी वडी आणि दुसरीचा गाळ टेबलावर ठेवला. त्यांनी उठून दार लावलं.

"आणखी कुणाला बोललास?"

"न्हाई, सर."

"शेंदूर कुठून आणतोस?"

"नसरापूरच्या बाजारातनं."

त्यांनी चमकणारी वडी उचलून खिशात टाकली. दुसरीचा गाळ कागदात गुंडाळून कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

"तिथूनच आणत जा," ते म्हणाले. "दुकान बदलू नकोस."

त्याच महिन्यात माझी ऑर्डर आली. परिचराचा मी प्रयोगशाळा सहायक झालो. कशाबद्दल, हे मला कळत होतं, आणि मी ती घेतली. बायकोनं म्हसोबाला नारळ फोडला. ते खोबरं मीही खाल्लं. पुढच्या खंडेनवमीला मी ताटली आधीपेक्षा जाड माखली.

तिच्या अहवालावर सरांनी लिहिलं, कामात अचूकता नाही. दरवर्षी तेच लिहिलं. शेवटी तिची नोंदणी रद्द झाली. सामान घ्यायला आली तेव्हा मी मोरीपाशी बीकर धूत होतो.

"काका, एक विचारू? तुम्ही दोन्ही भट्ट्या बघता. माझं काय चुकत होतं?"

"काय म्हाईत, ताई," मी म्हणालो.

ती सामान उचलून गेली. मी एकच बीकर धूत राहिलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसली फाशी होती ती, आणि दोर माझ्या हातात होता. सरांची किळस करणं सोपं आहे. मी वर्षानुवर्षं केली. पण खरं कळल्यावर सरांनी निदान तिच्या तोंडावर खोटं सांगितलं नव्हतं. ते काम मी केलं.

हे सगळं मनात घेऊन मी रिटायर झालो. आणि आता हा मसुदा. बायकोनं त्या पोरीची आठवण काढल्यावर मला बसवेना. दुसऱ्या दिवशी नसरापूर, मग कापूरहोळ, असं एसट्या बदलत भोरला गेलो. ती तिथं एका शाळेत विज्ञान शिकवते, हे ऐकून होतो. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात भेटली. केस पिकायला लागलेत. तिनं मला लगेच ओळखलं आणि शिपायाला खुर्ची आणायला सांगितली. मी उभा राहूनच सगळं सांगितलं. शेंदूर, बरणी, रविवारच्या वड्या, सर, माझी ऑर्डर. काही लपवलं नाही.

मुलं मैदानात आरडाओरडा करत होती. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे माझ्या वड्या बरोबर होत्या."

"व्हय."

"त्या विरघळायलाच हव्या होत्या."

"व्हय, ताई."

तिनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "काका, मी मुलांसमोर प्रयोग करत नाही. इतकी वर्षं. परीक्षानळी हातात घेत नाही. फळ्यावर चित्र काढते आणि असं होतं म्हणून सांगते. मला खरंच वाटायचं, माझ्या हाताला गुण नाही."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हात आडवा केला, अगदी तेव्हासारखा.

"माफी नको मला. तुमचा सत्कार आहे ना? मग तिथं, सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, की एक मुलगी होती आणि तिच्या वड्या खऱ्या होत्या. मी मागं येऊन बसेन."

मी म्हणालो, "म्हन्तो." मनापासून म्हणालो.

कार्यक्रमाला गाडी आली. नव्या इमारतीच्या दारातच काचेची पेटी आहे. तिच्यात ती पहिली भट्टी, हार घातलेली आणि ताज्या शेंदरानं माखलेली. येणारा प्रत्येक पाहुणा तिला हात जोडून आत जात होता. शास्त्रज्ञ माणसं! जुने सर काठी टेकत आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. ती शेवटच्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर, ताठ.

शाल पांघरली, नारळ हातात दिला, माईक पुढे आला. मी सांगायला लागलो. म्हणालो, त्या वड्या मातीनं पक्क्या झाल्याच नव्हत्या. दर खंडेनवमीला ताटलीला मी शेंदूर लावत होतो. शेंदूर म्हणजे शिसं. जे झालं ते शिशामुळं. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, ओरडेल.

व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे हसले आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई दुसऱ्या माईकवरून म्हणाल्या, "पाहा, श्रद्धा आणि विज्ञान यांचा किती सुंदर संगम! काकांच्या भक्तीतूनच आपला विभाग उभा राहिला." जुने सर काठी उंचावून मोठ्यानं म्हणाले, "मी तेव्हापासून सांगतोय, याच्या हाताला गुण होता!"

टाळ्या थांबेनात. आणि मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. आयुष्यात माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. माईक माझ्या तोंडापुढे होता, तो कुणी काढून घेतला नाही. मागं ती बसलेली मला दिसत होती. मी "धन्यवाद" म्हणालो आणि जागेवर जाऊन बसलो.

थोड्या वेळानं मी बाहेर आलो, तर ती काचेच्या पेटीपाशी उभी होती. आतली भट्टी बघत होती. माझ्याकडे न वळता म्हणाली, "शेंदराचं सांगितलंत, काका."

"व्हय."

"माझं राहिलं."

तिचा आवाज चढलेला नव्हता. मुलाच्या वहीत गाळलेली ओळ दाखवावी तसं ती म्हणाली. मग पर्स खांद्याला लावली आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली. आत कार्यक्रम संपला नव्हता. कुणाचं तरी भाषण चालू होतं, माईकचा आवाज दारापर्यंत येत होता. मी शालीची घडी घातली आणि गाडीत जाऊन बसलो.